मेंढरांची लोकर ओढ्यात टाकायची वेळ आलीय, कुणी हिचं काही करतंय का?

माणगंगेकाठचा

नमस्कार मंडळी. वाचतोय बरेच दिवस, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर धनगराचं, आटपाडी तालुक्यातलं. वडलांकडं आजही १८० मेंढरं आहेत, दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतो. मी गावातच राहून अडीच एकर डाळिंब बघतो.

विषय लोकरीचा आहे. वर्षातनं दोनदा मेंढरं भादरावी लागतात. नाही भादरली तर अंगात गोचीड होतात, पावसात लोकर भिजून जड होते आणि जनावर आजारी पडतं, त्यामुळं ते काम टळत नाही. भादरणारे मेंढरामागं २० रुपये घेतात, वर दोन वेळचं जेवण. एका मेंढराची अर्धा किलो धरली तरी एका खेपेला ८०-९० किलो लोकर निघते. मी लहान असताना व्यापारी टेम्पो घेऊन दारात यायचा आणि आई त्याच पैशात आमची वह्या-पुस्तकं आणायची. नंतर रेट उतरत उतरत किलोला ८ रुपयांवर आला आणि गेली तीन वर्षं तर कुणी फिरकलंच नाही. बाजारात घेऊन जायचं तर टेम्पोचं भाडं लोकरीपेक्षा जास्त. मागच्या खेपेला वडलांनी पोती भरून ओढ्याकडंला नेऊन ओतली. मी बघत होतो, काही बोलता आलं नाही.

आता मला जे खटकतंय ते सांगतो. आमची मेंढरं शेतात बसवायला शेतकरी पैसे देतात, एका रात्रीचे ठरवून, कुणी धान्य देतं. कशासाठी तर लेंडीखतासाठी. म्हणजे मेंढराच्या लेंडीला किंमत आहे, मुताला आहे, मटणाला तर आहेच, आणि त्याच मेंढराच्या अंगावर सहा महिने वाढलेली लोकर तेवढी फुकट? हे मला पटत नाही.

म्हणून उन्हाळ्यात एक करून बघितलं. डाळिंबाच्या दोन ओळींना आळ्यात ड्रिपरच्या खाली लोकर पसरली, झाडाला साधारण दीड किलो, वरून माती ओढली, आणि शेजारच्या दोन ओळी तशाच ठेवल्या. पाणी सगळ्यांना सारखंच. तिसऱ्या दिवशी हात घालून बघितलं तर लोकरीखालची माती मुठीत दाबली की गोळा व्हायची, शेजारच्या ओळीत फुफाटा. एवढं बघून जीव हरखला. पण अडचणी पण आल्या. कुत्र्यांनी वासानं आळी उकरली. साळुंक्यांनी उघडी पडलेली लोकर घरट्याला नेली (न्या म्हणलं). आणि पाऊस पडल्यावर प्रत्येक आळ्यात गोखरू उगवलं, कारण लोकरीत रानातलं सगळं बी अडकलेलं असतं.

तर विचारायचं असं की लोकर खरंच खत होते का, किती दिवसांत, आणि खताशिवाय दुसरं काही होतं का हिचं. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

रानवारा

फार चांगला धागा. वाचतेय.

खड्डामाग

दादा, तुमची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. आम्ही सणगर, हातकणंगले तालुक्यातले. वडील अजून खड्डामागावर घोंगडी विणतात, आई लोकर पिंजते आणि सूत कातते. तुमच्याकडं लोकर ओढ्यात जाते आणि आमच्याकडं चांगली लोकर मिळत नाही म्हणून माग आठवडा आठवडा बंद असतो, कसा मेळ घालायचा याचा?

चांगली म्हणजे काय ते सांगते. कोकराची पहिली कातरण, जावळ, ती सगळ्यात मऊ. तिची घोंगडी वेगळीच होते, अंगाला टोचत नाही, गिऱ्हाईक तीच मागतं. त्यानंतर मोठ्या मेंढराच्या पाठीची आणि कुशीची लोकर, लांब असते, सूत तुटत नाही. पोटाखालची, पायाची, शेपटाकडची आखूड आणि घाण असते, लेंडी चिकटलेली, तिचं सूत होतच नाही. आता व्यापारी आणतो त्या पोत्यात हे सगळं एकत्र कोंबलेलं असतं, काळी पांढरी सुद्धा एकत्र, आई ते निवडत बसते. दहा किलोतनं चार किलो कामाची निघाली तर नशीब. म्हणजे आम्ही दहा किलोचे पैसे देतो आणि सहा किलो आम्ही पण टाकूनच देतो.

पूर्वी भादरणारेच वेगळं करून द्यायचे असं आजी सांगायची. लोकर आली की उन्हात वाळवायची, काठीनं झोडायची, मग पिंजायची. ताणा तयार झाला की चिंचोक्याची खळ लावायची, ती खळ करायलाच आदल्या दिवसापासून चिंचोके भिजत घालावे लागतात. हे सगळं करून घोंगडी होते आणि ती नीट ठेवली तर पंचवीस वर्षं टिकते.

आमच्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात, बघितलं असेल तुम्ही. देवावर उधळायची वस्तू ती, ओढ्यात टाकू नका हो. पुढच्या खेपेला जावळ आणि पाठीची लोकर वेगळी बांधून ठेवाल का? रंग पण वेगळे. रेटचं आपण बोलू, ८ रुपये तर मी म्हणणार नाही.

माणगंगेकाठचा

ताई, नक्की ठेवतो. खरं सांगू का, हे वेगळं करायचं असतं हे मला आज कळलं. भादरणारे एका ताडपत्रीवर सगळं टाकतात आणि आम्ही पोत्यात भरतो. आज्जा असता तर त्यानं सांगितलं असतं.

काळीमाती

लोकर खत होते का, यावर थोडं सविस्तर लिहितो, कृषी पदवी घेतलीय आणि सेंद्रिय शेतीतल्या गटाबरोबर दहाएक वर्षं काम करतोय.

लोकर, पिसं, केस, शिंग, खूर, नखं हे सगळं एकाच प्रथिनाचं बनलेलं असतं, केराटिन. स्वच्छ लोकरीत नत्र (नायट्रोजन) १६ टक्क्यांच्या आसपास असतं. तुमची न धुतलेली, मातीची, तेलकट लोकर धरली तर १० टक्के धरा. शेणखतात नत्र अर्धा टक्का असतं. म्हणजे एक किलो लोकरीत वीस किलो शेणखताएवढं नत्र. वर मेंढराच्या घामाचे जे क्षार लोकरीवर वाळलेले असतात त्यात पालाश (पोटॅश) भरपूर असतो, म्हणून शेतात घालायची असेल तर लोकर धुवू नका, धुतलीत तर तो पालाश पाण्याबरोबर गेला.

पण आता दुसरी बाजू पण ऐका, कारण नुसतं नत्र नत्र करून लोक फसतात. तुमच्या एका खेपेच्या ८५ किलो लोकरीत नत्र साधारण साडेआठ किलो. युरियात ४६ टक्के असतं, म्हणजे हे झालं साडेअठरा किलो युरियाएवढं. आणि ४५ किलोची युरियाची गोणी मिळते २६६ रुपये ५० पैशाला. हिशोब करा, सगळ्या लोकरीचं नत्र सव्वाशे रुपयांचं सुद्धा होत नाही. म्हणून लोकरीची तुलना युरियाशी कधीच करू नका, त्या हिशोबात ती हरणारच, कारण युरियाच्या मागं सरकारी अनुदान आहे आणि तुमच्या लोकरीमागं कुणी नाही.

लोकरीची खरी किंमत तुम्ही स्वतः मुठीत दाबून बघितलीत. पाणी. लोकर हवेतली वाफ स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा धरून ठेवते आणि तरी हाताला कोरडी लागते, आणि भिजली तर वजनापेक्षा जास्त पाणी धरते. आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यात याला काय मोल आहे ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. दुसरं म्हणजे ती हळू कुजते. सगळं नत्र एकदम सुटून पाण्याबरोबर वाहून जात नाही, सहा महिने, वर्षभर थोडं थोडं मिळत राहतं, आणि फळबागेला तेच हवं असतं.

आता कृती. ताज्या लोकरीवर मेणासारखं तेल असतं त्यामुळं पहिल्यांदा पाणी वरून घरंगळून जातं. म्हणून आधी एक दोन रात्री शेणाच्या स्लरीत बुडवून ठेवा, वर दगड ठेवा नाहीतर तरंगते. स्लरीत जिवाणू असतातच, ते लोकरीला चिकटतात आणि कुजायला सुरुवात होते. मग आळ्यात चार बोटं खोल पुरा, वर पाचट टाका. कुत्री उकरणार नाहीत, साळुंक्यांना पण दिसणार नाही. झाडाला एकदम दीड किलो जास्त आहे, अर्ध्या-पाऊण किलोपासून सुरुवात करा.

गोखरूवर उपाय एकच, लोकर आधी कंपोस्टच्या ढिगात घाला. उसाचं पाचट एक थर, त्यावर लोकर विस्कटून पातळ थर, त्यावर शेण, असं करत चार फूट उंच. लोकरीत नत्र जास्त आणि कर्ब कमी, पाचटात नेमकं उलट, दोघांचं चांगलं जमतं. ढीग आतून तापला की बी मरतं. कडेचं बी राहतं म्हणून पंधरा दिवसांनी उलथापालथ करून कडेचं आत घ्या. लोकर गोळे करून टाकू नका, गोळा आतनं वर्षभर तसाच्या तसा निघतो, हे मी स्वतः भोगलंय. आणि नाकाला झोंबणारा वास यायला लागला तर समजा लोकर जास्त झाली, नत्र अमोनिया होऊन उडून चाललंय, पाचट वाढवा.

राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेष आणि लोकर संशोधन संस्था आहे, १९६२ सालची, त्यांनी टाकाऊ लोकर शेतात वापरून बघितलेली आहे. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात.

चिकनवाला_नाशिक

मी पिसांबद्दल लिहू का इथं? धागा लोकरीचा आहे पण वर काळीमाती यांनी लिहिलंय की माल एकच आहे म्हणून धीर आला.

माझं नाशकात चिकनचं दुकान आहे, १४ वर्षं झाली. रोजचे सरासरी ६०-७० पक्षी, रविवारी दुप्पट तिप्पट. दोन किलोच्या पक्ष्यामागं पिसंच शंभर सव्वाशे ग्रॅम धरा, पण आमच्याकडं बहुतेक गिऱ्हाईक कातडी काढूनच मागतं, त्यामुळं पिसं कधी सुटी निघतच नाहीत, कातडीसकट उतरतात. मग त्यात चरबी आली, रक्त आलं, आतडी डोकी पाय सगळं त्याच ड्रममध्ये. दुपारपर्यंत त्या ड्रमला काय वास सुटतो ते आमचं आम्हाला माहीत. संध्याकाळी एक गाडीवाला येऊन घेऊन जातो, मी त्याला महिन्याला पैसे देतो आणि तो कुठं नेतो ते बरीच वर्षं मी विचारलंच नाही.

दोन वर्षांमागं घरच्यांना घेऊन देवदर्शनाला चाललो होतो, घाटाच्या खाली वळणावर गाडी थांबवली तर खाली नाल्यात पिसंच पिसं, कुत्र्यांची झुंड, आणि पोत्यावर ओळखीचा शिक्का. माझ्याच दुकानात कोंबडीखाद्याची रिकामी पोती असतात ती. मुलगी शेजारी उभी होती. तिनं विचारलं बाबा हे आपलं आहे का. मी हो म्हणालो. त्या दिवसापासून हे डोक्यातनं जात नाहीये.

गाडीवाला बदलला. आता जो येतो तो म्हणतो मासे पाळणाऱ्यांना देतो. पण तिथं पण ऐकलंय की काही लोक थाई मांगूर हा परदेशी मासा पाळतात, ज्याच्यावर २००० सालापासून बंदी आहे, आणि त्यांना हेच कच्चं घालतात. ते पण मला नकोय. मला कुणीतरी सांगा की एका दुकानदारानं नीट काय करावं. पैसे कमवायचे नाहीयेत यातनं, आता देतोय तेवढे द्यायची तयारी आहे.

माणगंगेकाठचा

दादा, धागा तुमचा पण आहे. बिनधास्त लिहा.

माटुंगा_लॅब

चिकनवाला दादा, तुम्ही जे लिहिलंय ते लिहायला हिंमत लागते. मी केमिकल इंजिनिअर आहे, जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

केराटिन एवढं चिवट का असतं ते आधी. या प्रथिनाचे धागे एकमेकांना गंधकाच्या टाक्यांनी शिवलेले असतात. केस जळाला की जो घाणेरडा वास येतो तो त्याच गंधकाचा. हे टाके आपल्या पोटातल्या पाचकरसाला तोडता येत नाहीत, म्हणून कुत्र्यानं पीस खाल्लं तरी त्याच्या अंगी लागत नाही. निसर्गात हे टाके उसवणारे थोडेच जीव आहेत, लोकरीच्या कपड्याला लागणारी कसर, गजकर्णाची बुरशी, आणि मातीतले काही जिवाणू. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात कोंबडीच्या खताच्या बायोगॅस टाकीतनं असा एक जिवाणू वेगळा केला, बॅसिलस लायकेनिफॉर्मिसची एक जात, १९९० साली त्याच्यावर पेपर आला. पिसं अख्खीच्या अख्खी विरघळवतो तो.

कारखान्यातली जुनी पद्धत म्हणजे मोठा प्रेशर कुकर. पिसं वाफेच्या दाबाखाली १४० अंशाच्या आसपास शिजवायची, टाके तुटतात, मग वाळवून दळायची. त्याला पिसांचं पीठ म्हणा, फेदर मील. ८० टक्क्यांवर प्रथिन असतं त्यात. माशांच्या, कुत्र्यांच्या खाद्यात मिसळतात, पण थोडंच, कारण लायसिन आणि मेथिओनिन ही गरजेची घटकद्रव्यं त्यात कमी असतात, नुसत्या त्याच्यावर काही वाढत नाही. खत म्हणून मात्र एकदम उत्तम.

या कुकरला इंधन फार लागतं. म्हणून आमच्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, आयसीटीत, म्हणजे जुन्या लोकांच्या यूडीसीटीत, प्रा. अनिरुद्ध पंडित यांच्या गटानं दुसरी वाट काढली, २०२१ साली ती जाहीर झाली. केस, लोकर, पिसं सगळ्याला चालते. पाणी जोरात पंप करून बारीक भोकातनं सोडायचं. भोकातनं बाहेर पडताना दाब एकदम उतरतो, लाखो बारीक बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना त्या सुईच्या टोकाएवढ्या जागेत क्षणभर प्रचंड तापमान आणि दाब तयार होतो, आणि बाहेरून बघाल तर पाणी कोमटच असतं. त्या माऱ्यात केराटिनचे टाके तुटतात आणि द्रवरूप अमिनो आम्लं मिळतात, ती पिकाला फवारता येतात, प्राण्यांच्या खाद्यात घालता येतात. मी हे यंत्र चालताना बघितलंय, पंपाचा आवाज असा येतो की आत कुणी खडी ढवळतंय.

आता तुमच्या दुकानाला याचा काय उपयोग. यातलं एकही यंत्र एका दुकानात बसणार नाही, बसवू पण नका. पण कुठल्याही पद्धतीला एकच गोष्ट लागते, पिसं आतड्यांत मिसळलेली नकोत. आतड्यांत चरबी आणि पाणी, ती तासाभरात सडायला लागतात. पिसं नुसती असली तर एक दिवस काही होत नाही. दोन ड्रम करा. एकात पिसं कातडी, एकात बाकीचं. केरळात चिकनचा कचरा शिजवून पीठ आणि तेल वेगळं करणारे प्लांट बऱ्याच जिल्ह्यांत चालू आहेत, तिथली अट हीच असते की माल ताजा आणि झाकलेला हवा. तुमच्या भागातले वीस-पंचवीस दुकानदार एकत्र आले आणि सगळ्यांनी वेगळं दिलं तर प्लांटवाला गाडी पाठवतो, एकट्यासाठी नाही पाठवणार.

जनावरांचा_डॉक्टर

थोडं सावध करायला लिहितो, उत्साह मोडायला नाही.

पिसं कच्ची शेतात टाकू नका, कंपोस्टमध्ये पण दुकानाची पिसं घरगुती ढिगात नको. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हाचे दिवस आम्ही पाहिलेत, देशातला पहिला होता तो, पुन्हा २०२१ ला परभणीकडे आला. पिसं आधी शिजलीच पाहिजेत. गाईगुरांच्या खाद्यात तर हे काहीच नको.

लोकरीचं त्यामानानं सोपं आहे, पण मेलेल्या मेंढराची लोकर, विशेषतः एकाएकी मेलेल्या आणि नाकातोंडातून रक्त आलेल्या जनावराची, तिला हातसुद्धा लावू नका. तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो आणि त्याचे बीजाणू लोकरीत आणि मातीत वर्षानुवर्षं जगतात. अशा वेळी जनावर न फाडता पशुवैद्यकाला कळवायचं. दुसरं, गोचिडासाठी औषधात बुडवून काढलेली मेंढरं लगेच भादरून ती लोकर आळ्यात घालू नका. आधी भादरा, मग औषध. तसंही औषध भादरलेल्या अंगाला चांगलं लागतं.

लीड्सकर

इंग्लंडमधून लिहितेय. मूळची सांगलीची. इथं पण मेंढपाळांचं रडगाणं तेच आहे, भादरायला जास्त जातात आणि लोकरीला कमी येतात, लोक लोकर जाळतात किंवा पुरतात. पण तुमचा धागा वाचून मला आमच्या घरामागची शेतं आठवली. लीड्स, वेकफिल्ड या भागात रुबार्ब नावाची आंबट देठांची भाजी होते, हिवाळ्यात अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात खुडतात. हा भाग जुना लोकरीच्या गिरण्यांचा. गिरणीत उरलेला लोकरीचा चुरा, धाग्यांचे तुकडे शेतकरी नेऊन रुबार्बच्या शेतात घालायचे, कारण त्या पिकाला नत्र हळूहळू आणि भरपूर लागतं. पिढ्यानपिढ्या चाललं ते. आणि काळीमाती म्हणतात तसं गोखरूचं पण इथं झालंय, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिकेतून लोकरीच्या गाठींमधून आलेलं बी या शेतांमध्ये उगवायचं आणि इथले वनस्पतीवाले मुद्दाम त्यांच्या याद्या करत फिरायचे.

उत्तरेकडं कंब्रियामध्ये लोकर आणि नेचा एकत्र कुजवून कुंड्यांची माती बनवून विकतात, पाणी कमी द्यावं लागतं म्हणून लोक घेतात. मी स्वतः दरवर्षी दोन पोती आणते. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरच्या बागांना हे का चालू नये?

सूतगिरणीतला

गच्चीबागेची कल्पना चांगली आहे. माझ्याकडून एक, दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि भरड असते, तिचा स्वेटर होणार नाही, तो आग्रह सोडून द्यावा. पण लोकर सहज पेट घेत नाही, पेटली तरी वितळून अंगाला चिकटत नाही, ज्योत काढली की विझते, आवाज आणि उष्णता अडवते. दाबून केलेला नमदा भिंतीला, छताखाली लावायला हीच जाड लोकर चांगली. कसर लागू नये म्हणून टाकणखाराची प्रक्रिया करतात. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी छताखाली लावून बघावी असं फार वाटतं मला.

खड्डामाग

भरड लोकर ऊब देते म्हणूनच घोंगडी आहे ना दादा. बाकी पत्र्याखाली लावायचं वडलांना सांगितलं, ते म्हणाले आमच्या माडीवर जुनी घोंगडी अशीच ठोकलेली होती.

माणगंगेकाठचा

मंडळी, चार महिन्यांनी लिहितोय, दिवाळीची भादरणी झाली.

या वेळी तीन ताडपत्र्या टाकल्या. भादरणारे आधी कुरकुरले, वेळ जातो म्हणाले, मेंढरामागं ५ रुपये जास्त कबूल केले तेव्हा तयार झाले. वडील म्हणत होते कशाला हा उपद्व्याप, पण तिसऱ्या मेंढरापासनं स्वतःच खाली बसले आणि हातानं दाखवायला लागले, ही पाठीची, ही कुशीची, ही टाकायची, ही त्या पोरीला द्यायची. मला वाटलं होतं त्यांना माहीत नसेल. सगळं माहीत होतं त्यांना, कुणी विचारलं नव्हतं.

जावळ १० किलो निघाली, पाठीची काळी ३१, पांढरी-तपकिरी मिळून १४. खड्डामाग ताई भावाला घेऊन स्वतः आल्या, काळीचा आणि जावळाचा वेगळा रेट दिला, किती ते इथं लिहीत नाही पण भादरणीचा खर्च निघून वर उरले. त्यांच्या आईनं आमच्या आईला घोंगडी पाठवली.

पोटाची आणि घाण लोकर ३२ किलो राहिली. ती स्लरीत भिजवून ढिगात घातली, पाचट शेजारच्या गावातनं आणलं. ढिगात हात घालवत नव्हता एवढा तापला. काळीमाती काकांचं बरोबर, दोन ठिकाणी मी आळस करून गोळे तसेच टाकले होते ते अजून तसेच आहेत, काढून विस्कटून परत घातले. गोखरू मात्र या वेळी एकही नाही. उन्हाळ्यात ज्या दोन ओळींना घातली होती तिथली लोकर आता बोटानं ओढली की तुटते, मुळ्या तिच्यातनं गेल्यात, पांढऱ्या बारीक, उपटायला गेलं की लोकरीसकट येतात. फळाचं आत्ताच काही बोलत नाही, बहार धरल्यावर सांगेन.

चिकनवाला दादांचा फोन झाला, त्यांच्या पट्ट्यातली ११ दुकानं दोन ड्रमवर आलीत, प्लांटवाला वीस झाल्याशिवाय गाडी पाठवत नाही म्हणतो. नाशिकच्या कुणाची ओळख असेल तर त्यांना इथंच निरोप टाका.

आणि एक. परवा वाडा बसवायला एक बागायतदार आले होते, दरवर्षी येतात. ढीग बघितला, हातात घेऊन वास घेतला, वडलांना म्हणाले पावण्या, लेंडीचं ठरलंय ते ठरलंय, याचं काय घेणार? वडील माझ्याकडं बघायला लागले, कारण याचा रेट आमच्यात कुणी कधी ठरवलेलाच नाही. काळीमाती काका, तुम्हीच सांगा, किलोवर धरू का पाटीवर?

काळीमाती

पाटीवर धरा. ओल्या ढिगाचं वजन रोज बदलतं. आणि पहिली पाटी त्यांना फुकट द्या, दोन झाडांना घालून बघू दे त्यांना.